इंग्रजीतल्या चौदा ‘सुरुवाती’ आणि मराठीतला एकच अर्थ

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत इंग्रजी शब्दप्रयोगांचे जे छोटे सदर येते, त्याचा मी नियमित वाचक आहे. गेल्या रविवारी त्या सदरात एखाद्या कामाची सुरुवात करण्यासाठी इंग्रजीत वापरले जाणारे चौदा शब्दप्रयोग एका चौकटीत दिले होते आणि त्या सर्वांपुढे ‘सुरू करणे’ हा एकच अर्थ छापला होता. मी अनेक वर्षे अनुवादाचे काम करतो आणि संध्याकाळी नोकरी करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखन शिकवतो. त्या चौकटीचे कात्रण माझ्या वर्गातील तिघांनी वहीत चिकटवलेले मी पाहिले. ते ती यादी पाठ करत होते. म्हणून हे पत्र लिहायला घेतले.

हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत, हे मला अगदी आग्रहाने सांगायचे आहे. सुरुवात कोणी केली, कोणत्या जागेवरून केली, आपण होऊन केली की ती आपोआप झाली, सावकाश झाली की एका झटक्यात, प्रसंग आनंदाचा होता की दुःखाचा, यातले काही ना काही प्रत्येक शब्दप्रयोग स्वतःजवळ बाळगून असतो. मराठीतही हे सगळे भेद दाखवण्याची सोय आहे, किंबहुना काही ठिकाणी ती इंग्रजीपेक्षा बारीक आहे. पण ‘सुरू करणे’ या एका क्रियापदाने चौदा जणांची बोळवण केली की इंग्रजीही हाती लागत नाही आणि मराठीही वापरली जात नाही.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याच्या कार्यालयातील दिवंगत सहकाऱ्याच्या शोकसभेची सूचना इंग्रजीत लिहिली होती. सभा पाच वाजता ‘किक ऑफ’ होईल, असे तीत म्हटले होते. वाक्याचे व्याकरण निर्दोष होते. सूचना फलकावर लागली, दिवंगताच्या मुलीने ती वाचली आणि तिला ती फार लागली. त्या विद्यार्थ्याच्या मनात अनादराचा लवलेशही नव्हता. त्याने अशाच एका यादीत ‘किक ऑफ’ म्हणजे ‘सुरू होणे’ असे वाचले होते. फुटबॉलच्या सामन्यात मैदानाच्या मध्यबिंदूवर ठेवलेल्या चेंडूला पहिल्यांदा पाय लागतो, तो ‘किक ऑफ’. त्या शब्दामागे शिट्टी आहे, प्रेक्षकांचा गलका आहे, पुढे काय होणार याची उत्सुकता आहे. प्रचारमोहीम, महोत्सव, विक्रीचा हंगाम यांना तो शोभतो. शोकसभेसाठी साधा ‘बिगिन’ हवा होता.

याच चौकटीत ‘किक ऑफ’च्या शेजारी ‘किक स्टार्ट’ हा शब्द तोच अर्थ घेऊन बसला होता. वास्तविक ही किक चेंडूला मारलेली नाही, ती दुचाकीला मारलेली आहे, आणि थंड पडलेले इंजिन किक मारून जागे करणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जे आधीपासून आहे पण रेंगाळले आहे किंवा थिजले आहे, त्याला बाहेरून जोर लावून चालते करायचे, हा या शब्दाचा गाभा आहे. म्हणून मंदावलेली अर्थव्यवस्था किंवा रखडलेली बोलणी ‘किक स्टार्ट’ केली जातात. नव्या कामासाठीही तो आता वापरतात, तरी त्यातला वेग देण्याचा भाव सुटत नाही. मराठीत त्याला ‘चालना देणे’ हा नेमका प्रतिशब्द आहे आणि तो आपल्याच वृत्तस्तंभांत रोज छापला जातो.

आता अगदी साध्या तीन शब्दांकडे येतो, कारण खरी गफलत तिथूनच होते. ‘बिगिन’ हा इंग्रजीच्या घरचा, जर्मेनिक कुळातला जुना शब्द आहे. ‘स्टार्ट’ हाही घरचाच, पण त्याचा मूळ अर्थ उसळणे, एकदम उडी मारणे असा होता. तो अर्थ अजून मेलेला नाही. ‘विथ अ स्टार्ट’ जागे होणे म्हणजे दचकून जागे होणे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत एखादे पात्र दारावरची थाप ऐकून ‘स्टार्टेड’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते पात्र काहीही सुरू करत नसते, ते दचकलेले असते. अशा वाक्यांचा ‘त्याने सुरुवात केली’ असा अनुवाद मी छापील पुस्तकांत पाहिलेला आहे. स्थिर असलेल्या वस्तूला अचानक गती मिळते, ही कल्पना त्या उसळीतून आली असल्यामुळे गाडी, यंत्र आणि प्रवास यांच्याशी ‘स्टार्ट’च जुळतो. व्याख्यान ‘बिगिन’ करता येते आणि ‘स्टार्ट’ही करता येते, परंतु मोटार ‘बिगिन’ करता येत नाही, आणि ‘पहाटे निघू या’ या अर्थाने इंग्रज माणूस ‘स्टार्ट’ म्हणतो, ‘बिगिन’ म्हणत नाही. तिसरा शब्द ‘कमेन्स’. हा फ्रेंचमधून आलेला आहे आणि त्याच्या मागे लॅटिन आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली. त्या मार्गाने आलेल्या शब्दांना आजही दरबारी वजन आहे. कायद्याच्या पहिल्या कलमात तो केव्हापासून अमलात येतो हे सांगताना ‘कमेन्समेंट’ असते आणि त्याच्या मराठी पाठात ‘प्रारंभ’ असतो. ही जोडी मला फार अचूक वाटते, कारण ‘सुरुवात’ आणि ‘प्रारंभ’ यांच्यात जे अंतर आहे, तेच ‘स्टार्ट’ आणि ‘कमेन्स’ यांच्यात आहे. मित्राला ‘चला, पत्ते खेळायला प्रारंभ करू या’ असे आपण म्हणत नाही. (अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीदान समारंभालाच ‘कमेन्समेंट’ म्हणतात. शिक्षण संपते त्या दिवसाला आरंभाचे नाव आहे, कारण पदवीधर म्हणून माणसाची वाटचाल त्या दिवशी सुरू होते.)

व्याकरणाबद्दल सदरात एक अक्षरही नव्हते, आणि शिकणाऱ्याला अर्थाइतकीच त्याची गरज असते. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ यांच्यापुढे ‘टु रेन’ आणि ‘रेनिंग’ ही दोन्ही रूपे चालतात, पण ‘इट इज स्टार्टिंग’ असे म्हटल्यावर पुढे ‘रेनिंग’ येत नाही, ‘टु रेन’ येते, कारण दोन ‘इंग’कारान्त रूपे एकापुढे एक इंग्रजी कानाला खटकतात. समजणे, उमगणे अशा मनाच्या क्रिया असतील तर ‘टु’चेच रूप हवे: ‘आय बिगॅन टु अंडरस्टँड’. ‘एम्बार्क ऑन’पुढे बहुतेक वेळा नाम येते, आणि तेही लांबलचक किंवा अवघड कामाचे. खरी अडचण होते ती ‘सेट’ या क्रियापदाच्या जोड्यांत. ‘सेट आउट टु राइट’ म्हणजे लिहिण्याचा हेतू मनात धरून निघणे. तो तडीस गेला की नाही हे वाक्य सांगत नाही, आणि म्हणूनच ‘त्याने निघताना ठरवले होते एक आणि झाले भलतेच’ अशा अर्थाच्या वाक्यांत हे रूप हमखास भेटते. ‘सेट अबाउट रायटिंग’ म्हणजे प्रत्यक्ष कामाला हात घालणे. ‘गेट डाउन टु रायटिंग’ म्हणजे टाळाटाळ, गप्पा, इकडचेतिकडचे आटोपून अखेर कामाला बसणे. त्यातला ‘टु’ हे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे पुढे ‘राइट’ न येता ‘रायटिंग’ येते. ही तीन वाक्ये जवळजवळ ठेवून समजावली, तर विद्यार्थी ती विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आणि ती समजावण्यासाठी लागणारी साधने मराठीतच आहेत, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ‘मूल रडू लागले’, ‘मी पत्र लिहायला घेतले’, ‘तो पळत सुटला’, ‘ती अभ्यासाला बसली’, ‘माणसे कामाला लागली’ ही पाच वाक्ये पाहावीत. पाचांतही काहीतरी सुरू झालेले आहे, आणि ‘सुरू’ हा शब्द एकाही वाक्यात नाही. ‘लागणे’ हे सहायक क्रियापद क्रियेचा आरंभ नुसता नोंदवते. पाऊस पडू लागतो, डोके दुखू लागते, त्यात कोणाचा संकल्प असावाच लागत नाही. ‘घेणे’मध्ये मात्र संकल्प असतो, म्हणून ‘लिहायला घेतले’ चालते आणि ‘पावसाने पडायला घेतले’ हे कोणी म्हणत नाही. ‘सुटणे’मध्ये आवर सुटल्याचा भाव आहे, ‘बसणे’मध्ये ठाण मांडल्याचा. इंग्रजीत ‘बिगिन टु’ आणि ‘सेट अबाउट’ यांच्यात जो भेद आहे, तो आपल्या ‘लागणे’ आणि ‘घेणे’ यांच्यातल्या भेदाच्या फार जवळचा आहे. ‘ब्रेक इन्टु अ रन’ म्हणजे पळत सुटणे. ‘गेट डाउन टु वर्क’ म्हणजे कामाला लागणे. घरात लहान मूलही हे भेद न चुकता पाळते. मग त्याला इंग्रजी शिकवताना हे सगळे बाजूला सारून ‘सुरू करणे’ एवढेच का द्यावे, हे मला समजत नाही.

काही आरंभ असे असतात की ते कोणाच्या हातात नसतात, आणि त्यांच्यासाठी इंग्रजीने वेगळी क्रियापदे राखून ठेवली आहेत. युद्ध, आग, साथ ‘ब्रेक आउट’ होते. कुजणे, निराशा, दीर्घ हिवाळा ‘सेट इन’ होतो, म्हणजे येतो आणि मुक्काम करतो. या क्रियापदाचा कर्ता सहसा नकोसा असतो, हे शिकणाऱ्याला सांगितले नाही तर तो ‘आनंद सेट इन झाला’ असे लिहून बसतो. मैत्री किंवा संभाषण ‘स्ट्राइक अप’ होते. मराठीत युद्ध पेटते किंवा लढाईला तोंड लागते, आग लागते, साथ उद्भवते, निराशा घर करते, मैत्री जुळते, वादाला तोंड फुटते, हसू फुटते, रडू कोसळते. इतकी नेमकी क्रियापदे आपल्याकडे असताना ‘युद्ध सुरू झाले’, ‘साथ सुरू झाली’, ‘मैत्री सुरू झाली’ असे सरसकट लिहिण्याची सवय वाढते आहे, आणि तिचे एक कारण अशा एकशब्दी याद्या आहे, असे माझे मत आहे.

समुद्राशी संबंध असलेल्या लोकांची भाषा म्हणून इंग्रजीत आरंभाचे कित्येक शब्द जहाजावरून आलेले आहेत. ‘एम्बार्क’ म्हणजे मुळात जहाजात चढणे. उतरणे ते ‘डिसेम्बार्क’. जहाजात पाय ठेवला की किनारा सुटतो आणि लगेच परतता येत नाही, म्हणून दीर्घ अभ्यास, नवा व्यवसाय, मोठी सुधारणा यांना हा शब्द साजतो आणि कपाट आवरण्याला साजत नाही. ‘अंडर वे’ हा शब्दप्रयोगही नाविकांचा आहे. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची व्याख्या दिलेली आहे: जे जहाज नांगरलेले नाही, किनाऱ्याला बांधलेले नाही आणि रुतलेले नाही, ते ‘अंडर वे’. म्हणजे बंधन सुटले, एवढे त्यासाठी पुरते. काम ‘अंडर वे’ आहे असे म्हटले की आरंभाचा क्षण मागे पडलेला असतो आणि काम वाटेला लागलेले असते. आपल्याकडे ‘काम मार्गी लागले’ असा प्रयोग आहे. ‘वे’ला ‘मार्ग’, इतके दोन्ही जुळतात, आणि तरीही त्या चौकटीत ‘सुरू करणे’च छापलेले होते.

‘लाँच’ या शब्दाच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. मुळात भाला फेकण्याशी नाते असलेला हा शब्द इंग्रजीत जहाज, अग्निबाण, पुस्तक, मोहीम, हल्ला या सगळ्यांना पुरतो. मराठीत जहाजाचे जलावतरण होते, अग्निबाणाचे प्रक्षेपण होते, पुस्तकाचे प्रकाशन होते, मोहीम उघडली जाते आणि हल्ला चढवला जातो. इथे मराठी अधिक समृद्ध आहे. त्याचप्रमाणे ‘इनॉगरेट’ला आपण ‘उद्घाटन’ म्हणतो खरे, पण दोघांची चित्रे वेगळी आहेत: प्राचीन रोममध्ये पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहणाऱ्या ‘ऑगर’ या अधिकाऱ्यांवरून इंग्रजी शब्द आला, तर संस्कृत ‘उद्घाटन’ म्हणजे उघडणे. म्हणून अध्यक्षाच्या पदग्रहणाला इंग्रजीत ‘इनॉगरेशन’ म्हणता येते, मराठीत अध्यक्षाचे उद्घाटन करता येत नाही.

शर्यतीच्या मैदानावरून आलेल्या शब्दप्रयोगांपाशी मात्र थांबावे लागेल, कारण चौकटीतली सर्वांत गंभीर चूक तिथे आहे. धावण्याच्या शर्यतीत जमिनीवर जी रेघ ओढत, ती ‘स्क्रॅच’. ज्या शर्यतींत दुबळ्या स्पर्धकांना पुढे उभे राहण्याची सवलत असे, तिथे कोणतीही सवलत न मिळालेला स्पर्धक त्या रेघेवरून धावे. ‘फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे हाताशी काहीही आयते नसताना अगदी मुळापासून केलेली सुरुवात. त्याचा ओरखड्याशी संबंध जोडून केलेला अनुवाद मी तपासलेला आहे. ‘ऑफ द मार्क’ही शर्यतीच्या खुणेवरून आला आणि क्रिकेटमध्ये पहिली धाव काढण्यासाठी रुळला, आपल्या क्रीडापानावर त्याच अर्थाने फलंदाज ‘खाते उघडतो’, तो प्रयोग उत्तम आहे.

‘जंप द गन’चे तसे नाही. शर्यत सुरू करणाऱ्या पिस्तुलाचा आवाज होण्यापूर्वीच धाव घेणे, हा त्याचा अर्थ. ती सुरुवात असली तरी ती चूक आहे. जागतिक ॲथलेटिक्समध्ये २०१० पासून असा नियम आहे की एकदा जरी कोणी आवाजाआधी निघाला तरी तो बाद होतो, आणि २०११ मध्ये दक्षिण कोरियातील दाएगू येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम शर्यतीतून युसेन बोल्टसारखा धावपटू याच कारणाने बाहेर गेला. परवानगी मिळण्याआधी बांधकाम काढणे, निकाल लागण्याआधी अभिनंदन करणे, पुरावा हाती येण्याआधी बातमी छापणे, याला इंग्रजीत ‘जंप द गन’ म्हणतात. मराठीत ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण त्याच्या जवळ जाते. चौकट वाचलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने नोकरीच्या अर्जात, आपण कोणत्याही प्रकल्पात ‘जंप द गन’ करण्यास सदैव तयार असतो, असे लिहून मला तपासायला दिले. अर्ज वेळेवर माझ्याकडे आला, म्हणून ते वाक्य बदलता आले. तिला म्हणायचे होते ते ‘हिट द ग्राउंड रनिंग’ने सांगता आले असते: रुळायला वेळ न घेता पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने कामाला भिडणे. हा शब्दप्रयोगही चौकटीत होता, आणि त्याच्याही पुढे तोच अर्थ होता.

जमिनीवरचे आणखी दोन प्रयोग तिथे एकमेकांत मिसळले होते, त्यांचाही उल्लेख करतो. ‘ब्रेक ग्राउंड’ म्हणजे बांधकामासाठी पहिली कुदळ मारणे. ‘गेट ऑफ द ग्राउंड’ म्हणजे योजनेचे जमिनीवरून वर उठणे, आणि तो बहुधा नकारातच भेटतो: योजना जाहीर झाली, बैठका झाल्या, पण ती काही आकाराला आली नाही.

माझी विनंती अशी आहे की, या सदरात एका वेळी चौदा शब्दप्रयोग देण्याऐवजी तीनच द्यावेत, परंतु प्रत्येकाबरोबर त्याचे मूळ चित्र, तो कोणत्या प्रसंगी चालतो आणि कोणत्या प्रसंगी चालत नाही, त्याच्यापुढे क्रियापदाचे कोणते रूप येते आणि त्याच्या सर्वांत जवळचा मराठी प्रयोग कोणता, एवढे द्यावे. जागा तेवढीच लागेल. आपल्या सदरावर विसंबून अर्ज, सूचना आणि पत्रे लिहिणारे वाचक आहेत. त्यांच्याजवळ चूक दाखवून देणारे कोणी असेलच असे नाही. सदराच्या लेखकांनी घेतलेले कष्ट मला दिसतात, आणि हवे असल्यास माझ्या वर्गाच्या टिपणवह्या मी त्यांच्याकडे पाठवून देईन. तूर्त ‘जंप द गन’चा अर्थ ‘वेळेआधी, घाईने आणि चुकीच्या रीतीने सुरुवात करणे’ असा आहे, एवढी दुरुस्ती येत्या रविवारी चौकटीच्याच जागी आणि चौकटीच्याच टायपात छापावी, म्हणजे ज्यांनी ते कात्रण वहीत चिकटवले आहे, त्यांना ही दुरुस्ती त्याच्यावर चिकटवता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक आणि अनुवादक